हीटर लावला की अँगल-ऑफ-अटॅक चुकायचा

जुहूच्या विमानतळावर एका दोन आसनी विमानाचं काम आलं. पंखाखाली गरम होणारा पिटो प्रोब (समोरच्या हवेचा दाब घेऊन वेग दाखवणारी नळी), त्यातच अँगल-ऑफ-अटॅकचं, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन मोजायचं, तिरकं छिद्र. थंड असताना सगळं ठीक, पण हीटर चालू केला की थोड्या वेळाने अँगल कमी दिसायचा. हे फार धोक्याचं. अँगल कमी दिसला तर स्टॉलची (कोन फार वाढून पंखांची उचल अचानक कमी होण्याची) सूचना उशिरा येते, आणि ती उशिरा येऊन चालतच नाही.

आधी संशय वायरिंगवर गेला. ते नीट होतं. मग दोन्ही लाइनींची (दाब नेणाऱ्या नळ्यांची) गळती बघायला पाण्याचा मॅनोमीटर (दाबमापक) लावला: १०० नॉट वेगाच्या दाबाला साधारण १६६ मिलिमीटर पाणी चढतं. पिटोची लाइन स्थिर राहिली, अँगलची थंड असतानाही स्थिर. हीटर थोडा वेळच चालू केला (हवेचा झोत नसताना जास्त चालवू नये, आणि प्रोबला हात तर मुळीच लावू नये), तर अँगलच्या लाइनचं पाणी हळूहळू उतरू लागलं.

प्लॅस्टिकची नळी थेट प्रोबला जोडलेली होती. उष्णतेने ती मऊ पडून जोड सैल व्हायचा. दोन्ही लाइनींना प्रोबपासून फूटभर ॲल्युमिनियमची नळी टाकली, प्लॅस्टिक त्यापुढे. पुन्हा गळती तपासली, गरम असतानाच.

अँगलचं कॅलिब्रेशन (आकडे जुळवून घेणं) सकाळच्या शांत हवेत, पुरेशा उंचीवर, अनुभवी वैमानिकाकडून करून घेतलं. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) वर आणि फ्लॅप खाली, दोन्ही वेगळं. आता सूचना स्टॉलच्या बरीच आधी वाजते, हीटर चालू असो वा बंद.