फोर्कलिफ्ट सुरक्षित कशी चालवावी: आधी वजन, मग चावी

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या एखाद्या फौंड्रीत डोकावलात, तर कास्टिंगने, म्हणजे लोखंडाच्या ओतीव भागांनी, भरलेले लोखंडी बिन उचलून फिरणारी फोर्कलिफ्ट हमखास दिसेल. तिच्यावर बसलेला माणूस बऱ्याचदा आधी टेम्पो किंवा ट्रॅक्टर चालवत असतो. "गाडी येते ना? मग बस," एवढ्यावर त्याचं शिक्षण आटोपतं. खरं तर टेम्पोचीच सवय इथे नडते. फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर झपकन फिरतो आणि बाजूला उभ्या असलेल्या हेल्परला भिंतीशी दाबतो. म्हणून १८ वर्षांवरचा, या यंत्राचं प्रशिक्षण घेतलेला आणि मालकाने लेखी परवानगी दिलेला माणूसच सीटवर बसावा.

वजन ओळखा

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. पुढची चाकं हा त्याचा काटा, एका पारड्यात माल, दुसऱ्यात गाडीमागचं वजन. मालाचं पारडं जड झालं की मागची चाकं हलकी होतात, आणि स्टेअरिंग त्याच चाकांवर आहे.

साखरेच्या पोत्यांचं बरं असतं, पन्नास किलोचं एक, मोजली की झालं. फौंड्रीत तसं नाही. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच बिन घ्या. कास्ट आयर्न घनमीटरला साधारण ७.२ टन भरतं. कास्टिंगच्या मधली निम्मी जागा पोकळ धरली तरी नुसता माल दोन टनांच्या वर जातो, बिनचं वजन वेगळंच. दोन टनांची फोर्कलिफ्ट तो उचलायला गेली तर काय होईल ते सांगायला नको. प्रत्येक जातीचा भरलेला बिन एकदा वजनकाट्यावर घालून त्यावर ऑइल पेंटने आकडा लिहून ठेवा. काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि माझ्या मते या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं.

आता गाडीवरची क्षमतेची पट्टी वाचा. तिच्यावर टनांसोबत 'लोड सेंटर' दिलेलं असतं, लहान गाड्यांना बहुधा ५०० मिलिमीटर. म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या दोन दांड्यांच्या) उभ्या भागापासून एवढ्याच अंतरावर असेल, तरच पट्टीवरचं पूर्ण वजन पेलतं. माल लांबुडका असला किंवा फोर्क पूर्ण आत गेले नसले की क्षमता घटते. मास्ट, म्हणजे फोर्क वरखाली नेणारा उभा खांब, फार वर नेल्यावरही घटते. पट्टी रंगाखाली झाकली गेली असेल तर आधी ती साफ करा.

मागे दोन माणसं बसवून तोल सांभाळायची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. ती सोडा. मागचं चाक टेकेल, पण चेन, मास्ट आणि पुढचा ॲक्सल यांच्यावर जादा भार पडतोच, आणि ब्रेक लागला की पहिली तीच दोघं खाली येतात.

चावी फिरवण्यापूर्वी

शिफ्टच्या सुरुवातीला गाडीभोवती एक फेरी मारा. खाली तेल सांडलंय का, टायर, चाकांचे नट, दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या आहेत का, हे पाहा. फोर्कची टाच, म्हणजे जिथे तो काटकोनात वळतो ती जागा, जरा वाकून तपासा. तिथे बारीक तडा दिसला तर गाडी बंद. टाचेची जाडी मूळ जाडीपेक्षा १० टक्क्यांनी झिजली की ताकद साधारण २० टक्क्यांनी कमी होते, तेव्हा फोर्क बदलायचाच. वेल्डिंग मारून चालवायचा नाही. मग ब्रेक, हँडब्रेक, हॉर्न, रिव्हर्सचा आवाज. शेवटी सीटबेल्ट, जो बहुतेक ठिकाणी सीटच्या मागे कोंबलेला सापडतो.

उचलणं आणि नेणं

मालासमोर सरळ उभे राहा, फोर्क जमतील तितके लांब-लांब ठेवा आणि टाचेपर्यंत आत घाला. दहा सेंटीमीटर उचला, थांबा. मागचा भाग हलका वाटला तर तिथेच खाली ठेवा.

चालताना फोर्क जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर, मास्ट मागे झुकवलेला, वेग माणसाच्या चालण्याइतका. माल उंच ठेवून वळण घेणं हे गाडी आडवी होण्याचं नेहमीचं कारण. समोरचं दिसत नसेल तर उलटं चालवा. चढ-उताराचा नियम वेगळा: भरलेल्या गाडीचा माल कायम चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना सरळ, उतरताना रिव्हर्स. चढताना मालामुळे दिसत नसेल तर वाट दाखवायला माणूस घ्या. रिकाम्या गाडीचे फोर्क उताराकडे. उतारावर वळायचं नाही.

आपल्याकडे जूनपासून पावसाचा जोर असतो. आवारातला लाल चिखल टायरला चिकटून आत येतो, आत मोल्डिंगची वाळू सांडलेली असते, आणि दोन्हींवर ब्रेक घसरतो. पावसामुळे शटर ओढून घेतलं असेल तर डिझेलची गाडी आत फार वेळ चालू ठेवू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ट्रकमध्ये माल भरताना ड्रायव्हरकडून चावी घ्या आणि चाकांना अडण लावा. तीन टनांच्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन चार टनांच्या वर असतं, तेव्हा ट्रकच्या फळ्यांवर ती चढवण्याआधी तळ पाहा. एका शेडमधून रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट नेण्याची पद्धतही थांबवावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास गाडी वगळली आहे. सार्वजनिक रस्त्यावर आली की ती सूट संपते.

आजूबाजूची माणसं

उचललेल्या फोर्कखालून कुणीही जायचं नाही, रिकामे असले तरी. हायड्रॉलिकचा पाइप फुटला की ते सांगून खाली येत नाहीत. मे महिन्यात छताचे गळके पत्रे दुरुस्त करायला पॅलेटवर माणूस उभा करून वर चढवतात, तेही नको, मचाण बांधा.

एकाच शेडमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारे असतात, त्यात भट्टीचा आवाज. म्हणून थांब, वर, खाली, मागे असे हातांचे इशारे सगळ्यांचे सारखे ठरवा. इशारा एकानेच करायचा, पण 'थांब'चा हात कुणाचाही असो, अगदी काल लागलेल्या पोराचा, गाडी थांबलीच पाहिजे.

हायड्रा क्रेनबाबत, म्हणजे माल पुढे लटकवून नेणाऱ्या चाकांवरच्या क्रेनबाबत, एकच. लटकता माल हाताने धरून पुढे चालणारा माणूस अडखळला तर थेट पुढच्या चाकाखाली जातो. मालाला दोरी बांधा आणि ड्रायव्हरला दिसेल असं, बाजूने लांबून चाला.

गाडी कलंडलीच तर

उडी मारू नका. उडी मारणारा नेमका डोक्यावरच्या जाळीच्या दांड्याखाली सापडतो. स्टेअरिंग घट्ट धरा, पाय रोवा, गाडी ज्या बाजूला पडतेय त्याच्या उलट बाजूला झुका. बेल्ट लावलेला असेल तरच हे जमतं.

काम संपल्यावर

फोर्क जमिनीला टेकवा, न्यूट्रल, हँडब्रेक, चावी काढून खिशात. विजेच्या पॅनेलसमोर किंवा आग विझवायच्या सिलिंडरसमोर गाडी लावू नका. बॅटरीची गाडी हवेशीर जागी चार्जिंगला लावा, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी एका विडीने पेटतो. लेड-ॲसिड बॅटरीत डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं, चष्मा आणि हातमोजे घालून.