लिनक्सवर कंटेनर सुरू होत नसेल तर कारण कसे शोधावे

‘कंटेनर सुरू होत नाही’ या एकाच तक्रारीत दोन अगदी वेगळ्या घटना दडलेल्या असतात. पहिल्या घटनेत डॉकरला, म्हणजे कंटेनर बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या साधनाला, कंटेनर (प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवणारी चौकट) उभाच करता येत नाही: पोर्ट (नेटवर्कवरचा क्रमांकित दरवाजा) आधीच अडलेला असतो, माउंट (बाहेरची फाइल किंवा डिरेक्टरी कंटेनरमध्ये जोडणे) बसत नाही किंवा सांगितलेली कमांड इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात, नसते. दुसऱ्या घटनेत कंटेनर उभा राहतो, आतला प्रोग्राम चालू होतो आणि काही क्षणांत बंद पडतो. पहिल्या प्रकारात ‘डॉकर लॉग्ज’ कमांड बहुधा काहीच दाखवत नाही, कारण लॉग लिहिणारा प्रोग्राम सुरूच झालेला नसतो; तिथे डॉकरने टर्मिनलवर दिलेला संदेश आणि डीमनची (पार्श्वभूमीला चालणाऱ्या डॉकरच्या सेवेची) नोंद वाचावी लागते. दुसऱ्या प्रकारात मात्र उत्तर बहुतेक वेळा लॉगच्या शेवटच्या काही ओळींत असते. आपली अडचण यांपैकी कोणती, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यासाठी सर्वप्रथम ‘डॉकर पीएस -ए’ चालवावे आणि स्टेटसचा रकाना पाहावा. तिथे ‘क्रिएटेड’ दिसल्यास कंटेनर तयार झाला पण चाललाच नाही, ‘एक्झिटेड’ दिसल्यास चालून थांबला, आणि ‘रीस्टार्टिंग’ दिसल्यास तो पुन्हा पुन्हा पडतो आहे. डॉकर दोन प्रयत्नांमधले अंतर १०० मिलिसेकंदांपासून दुप्पट करत जास्तीत जास्त एका मिनिटापर्यंत नेतो. अशा वेळी ‘डॉकर अपडेट --रीस्टार्ट=नो’ आणि पुढे कंटेनरचे नाव देऊन हे चक्र थांबवावे, म्हणजे शांतपणे तपास करता येतो. कंटेनर काढून नवा बनवण्याची घाई अजिबात करू नये, कारण कंटेनरबरोबर त्याचा लॉगही जातो. थांबलेला कंटेनर आपोआप काढून टाकणारा ‘--आरएम’ पर्याय वापरला असेल तर तपासापुरता तो वगळावा, नाहीतर कंटेनर थांबताक्षणी सगळा पुरावा पुसला जातो.

यानंतर एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्राम थांबताना मागे ठेवतो तो आकडा, वाचावा. ‘डॉकर रन’ने १२५ परत दिला तर चूक डॉकरच्या बाजूची, म्हणजे चुकीचा पर्याय किंवा डीमनने दिलेला नकार असते. १२६ म्हणजे कमांड सापडली पण चालवता आली नाही, आणि बहुधा फाइलवर चालवण्याची परवानगी नसते. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही. १२८ च्या वरचा आकडा सहसा प्रोग्राम कोणत्या सिग्नलने (कर्नलमार्फत आलेल्या क्रमांकित सूचनेने) थांबला ते सांगतो: १३९ म्हणजे १२८ अधिक ११, अर्थात मेमरीचा चुकीचा वापर, तर १३७ म्हणजे १२८ अधिक ९, अर्थात प्रोग्राम जबरदस्तीने मारला गेला. कोड ० असूनही कंटेनर थांबला असेल, तर मुख्य प्रोग्राम आपले काम संपवून बाहेर पडला किंवा पार्श्वभूमीला गेला असे समजावे. कंटेनर त्याच्या मुख्य प्रोसेसइतकाच जगतो, म्हणून सर्व्हर नेहमी फोरग्राउंडमध्ये चालवावा लागतो.

१३७ दिसला की मेमरी कमी पडली असे लोक लगेच धरून चालतात, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढणे योग्य नाही. ‘डॉकर स्टॉप’नंतर प्रोग्राम ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सहसा १० सेकंदांत, थांबला नाही तरी हाच कोड येतो. म्हणून ‘डॉकर इन्स्पेक्ट’च्या उत्तरात ‘ओओएमकिल्ड’ (मेमरी संपल्यामुळे मारला गेला का) हे मूल्य पाहावे. ते ‘ट्रू’ असेल तर कंटेनरची मेमरी मर्यादा वाढवावी किंवा आतल्या प्रोग्रामची भूक कमी करावी. ते ‘फॉल्स’ असले तरी ‘जर्नलसीटीएल -के’ने कर्नलची नोंद जरूर तपासावी, कारण संपूर्ण होस्टचीच, म्हणजे कंटेनर ज्या मशीनवर चालतो तिचीच, मेमरी संपली तर कर्नल कुठलाही प्रोसेस मारू शकतो.

सर्वांत जास्त वेळ खाणारा एक दोष इथे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. सुरुवातीची स्क्रिप्ट इमेजमध्ये आहे, यादीत दिसते, परवानगीही ठीक आहे, तरी ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ या अर्थाचा संदेश येतो. तो स्क्रिप्टबद्दल नसून तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेल्या इंटरप्रिटरबद्दल, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, असतो. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये बॅश हा इंटरप्रिटर नसतो, त्यामुळे बॅश मागणारी स्क्रिप्ट तिथे अडते. स्क्रिप्ट विंडोजवर जतन केली असेल तर ओळीच्या शेवटी एक अदृश्य कॅरेज रिटर्न चिकटतो आणि कर्नल त्या चिन्हासकट नाव असलेला इंटरप्रिटर शोधू लागतो. ‘कॅट’ कमांडला मोठ्या ए अक्षराचा पर्याय देऊन फाइल पाहिली की ओळीअखेर डॉलरच्या आधी टोपीचे चिन्ह आणि एम दिसतात. फाइल ‘डॉसटूयुनिक्स’मधून काढावी, इमेज पुन्हा बनवावी, आणि गिटच्या अ‍ॅट्रिब्यूट फाइलमध्ये शेल स्क्रिप्टसाठी एलएफ (लिनक्सचे ओळ संपवण्याचे चिन्ह) सक्तीचे करावे. याउलट ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आला तर इमेज आणि होस्ट यांचे आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) जुळते का ते पाहावे. आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर बनवलेली इमेज एएमडी६४ सर्व्हरवर नेल्यावर हे हमखास घडते.

माउंटच्या बाबतीत ‘-व्ही’ पर्यायाची एक सवय लक्षात ठेवावी: होस्टवरचा मार्ग अस्तित्वात नसेल तर डॉकर तिथे रिकामी डिरेक्टरी बनवतो. त्यामुळे कॉन्फिगरेशन फाइलच्या नावात एखादे अक्षर चुकले की फाइलच्या जागी डिरेक्टरी तयार होते आणि माउंट फसते. ‘--माउंट’ पर्याय अशा वेळी सरळ चूक दाखवतो, म्हणून मला तोच पसंत आहे. परवानगी नाकारली जात असल्यास नावांवर विसंबू नये. ‘एलएस -एलएन’ने मालकाचा क्रमांक पाहावा, कारण कर्नल क्रमांकच जुळवतो. फेडोरा किंवा रेड हॅटवर परवानग्या बरोबर असूनही नकार आला तर सेलिनक्स या जादा सुरक्षा यंत्रणेचे फाइलवरचे लेबल तपासावे. सेलिनक्स बंद करणे हा उपाय नव्हे. ‘-व्ही’ने केलेल्या माउंटच्या शेवटी झेडचा पर्याय लावावा; ‘--माउंट’मध्ये तो चालत नाही.

पोर्ट अडलेला असल्यास ‘एसएस -एलटीएनपी’ सुडोने चालवावी, म्हणजे तो कोणी धरला आहे ते कळते. डिस्क भरली आहे का हे ‘डीएफ -एच’ने पाहावे, आणि जागा दिसत असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ने आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या मर्यादित नोंदी) संपले का ते पाहावे. डीमनच सुरू होत नसेल तर ‘जर्नलसीटीएल -यू डॉकर’ वाचावे. डीमनच्या जेसन फाइलमधला एक जादा स्वल्पविरामही त्याला थांबवतो.

डेटाबेसच्या कंटेनरबाबत विशेष जपावे. पोस्टग्रेस या डेटाबेसची इमेज ‘लेटेस्ट’ टॅगवर (सर्वांत नवी आवृत्ती घेणाऱ्या खुणेवर) ठेवली असेल आणि नवी मुख्य आवृत्ती आली, तर डेटा फाइल सर्व्हरशी जुळत नाहीत असे सांगून कंटेनर थांबतो. डेटा त्या वेळी सुरक्षित असतो. ‘डॉकर कंपोज डाउन -व्ही’ मात्र अशा वेळी चुकूनही चालवू नये, कारण तो पर्याय कंपोज फाइलमध्ये (अनेक कंटेनरची मांडणी लिहिलेल्या फाइलमध्ये) घोषित केलेली व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवण्याच्या जागा, हीही काढून टाकतो. आधीच्या आवृत्तीचा टॅग लिहून कंटेनर पूर्ववत चालू करावा, ‘पीजी_डंपऑल’ने सगळा डेटा बाहेर काढावा, नव्या आवृत्तीला वेगळे रिकामे व्हॉल्यूम द्यावे, त्यात डेटा भरून तपासावा, आणि त्यानंतरच जुन्या व्हॉल्यूमला हात लावावा.