ऑफिस सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा

देवगडात आंब्याच्या पेट्यांची बिलं करा नाहीतर गुहागरात होमस्टेचं दरपत्रक, पहिली चूक बहुधा ठरलेली: दुकानदाराने लॅपटॉपवर फुकटात जे 'टाकून दिलं' ते वापरत राहायचं. चोरीच्या कॉपीची गरजच काय? पत्रं, बिलं, जमाखर्च यांना मोफत लिब्रेऑफिस पुरेसं आहे. फक्त नाव नीट बघून घ्या. ओपनऑफिसही मिळतं, पण २०१० मध्ये लिब्रेऑफिस त्यातून वेगळं झालं आणि पुढे गेलं. ओपनऑफिस वर्डची डॉकएक्स फाईल उघडतं, त्या स्वरूपात सेव्ह मात्र करत नाही.

दुसरी चूक, सगळं नेटवर ठेवणं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कितीतरी गावांत वीज आणि मोबाईल बरेच दिवस गायब होते. एरवीही पावसाळ्यात रेंजचा काय भरवसा! गूगल डॉक्स वापरा, पण ऑफलाइनची सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते.

सगळ्यात जास्त डोकं खातो तो फॉन्ट. जुनी फाईल उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली, की लोक सॉफ्टवेअर बदलायला निघतात. त्याने काही होत नाही. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात. असा मजकूर कन्व्हर्टरने, म्हणजे फॉन्ट बदलून देणाऱ्या साधनाने, युनिकोडमध्ये आणा; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला स्वतंत्र क्रमांक, त्यामुळे मराठी सगळीकडे मराठीच राहते. मग रफार आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, तिथेच घोळ होतो. यापुढे टायपिंग युनिकोडमध्येच करा, कीबोर्ड इनस्क्रिप्ट (मराठी अक्षरांच्या ठरलेल्या जागांचा) असो की फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाईप करायचा).

मराठी नीट दिसतंय पण पानं सरकतात? समोरच्याकडे तो फॉन्ट नाही. ग्रामपंचायतीला अर्ज पाठवताना पीडीएफच करा. लिब्रेऑफिसमध्ये निवडलेला फॉन्ट मराठीला लागत नसेल, तर 'कॅरेक्टर' खिडकीत देवनागरीसारख्या लिपींसाठी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'चा रकाना वेगळा असतो, तिथे बदला.

लिब्रेऑफिस पत्रं मुळात ओडीटी या स्वतःच्या स्वरूपात सेव्ह करतं. समोरचा वर्डवाला असेल, तर सेटिंगमध्ये नेहमीचं स्वरूप वर्डचं करून टाका.

आणि तुमचा सीए मॅक्रोवाली (म्हणजे आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) एक्सेल शीट पाठवत असेल, तर मात्र गुमान एक्सेल विकत घ्या. मोफत पर्यायांत ते मॅक्रो जसेच्या तसे चालतील याची खात्री नसते.