खान्देशात झाडं ओळखायला शिकायचंय? पानापासून सुरू करा

झाडं शिकायची म्हणून पहिल्याच दिवशी पाल-यावलच्या जंगलात जाऊ नका, आधी वावराच्या बांधावरची पाच-सहा झाडं पक्की करा. निंब, बाभूळ, पळस, बोर, आपटा, अंजन, बास.

फुलाची वाट बघू नका, फूल थोडेच दिवस असतं, पान बरेच महिने हाताशी असतं. पण पान म्हणजे कुठून कुठपर्यंत हे आधी कळायला हवं. देठ फांदीला चिकटतो तिथे काखेत डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, असतो, तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. निंबाच्या त्या छोट्या दातेरी पात्यांच्या काखेत डोळा नसतो, अख्ख्या काडीच्या बुडाशी असतो, म्हणजे काडीसकट ते एकच पान आणि पात्या म्हणजे पर्णिका. बकाण निंबात काडीला परत काड्या फुटतात, झाला फरक.

हे जमलं की दसऱ्याचा घोळ पण सुटतो. आपट्याचं पान एकच, टोकाकडून चिरलेलं पण खाली जोडलेलं, छोटं, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. अंजनात मात्र दोन पर्णिका बुडापासूनच वेगळ्या, एक खुडली तरी दुसरी तशीच राहते. कांचनाचं पान आपट्यासारखंच चिरलेलं पण बरंच मोठं, आणि सोनं म्हणून लोक त्याच्याच फांद्या ओरबाडून नेतात, फार वाईट वाटतं बघून.

काटेरी झाडांत काटा बघा, बाभळीचा सरळ आणि पांढरट, खैराचा आखूड आणि वाकडा. वेडी बाभूळ फुलावरून कळते, गोल गेंद नाही, लांबट तुरा. एप्रिल-मे मध्ये सातपुड्यात बऱ्याच झाडांवर पानंच नसतात, तेव्हा साल बघायची, सालईचे कागदासारखे पातळ पापुद्रे निघतात.

ॲपने सांगितलेलं नाव अंदाजच समजा. फोटो काढाल तर पानाची मागची बाजू, देठाचा जोड, साल आणि अख्खं झाड असे चारही काढा. नाव विचारायचं तर गुरं चारणाऱ्या बाबांना, पाड्यावरच्या पावरा नाहीतर भिल्ल आजीला विचारा, ते सांगतील ते जसंच्या तसं लिहा, सोबत गाव आणि महिना. शास्त्रीय नाव नंतर जोडा पण जोडाच, कारण सह्याद्रीत अंजन म्हटलं की वेगळंच झुडूप दाखवतात, आपलं अंजन हार्डविकिया बायनाटा, त्यांचं मेमेसायलॉन.

आणि ओळख पक्की नसेल तर काही चाखू नका, रुईचा चीक तर डोळ्याजवळ सुद्धा नको.