एआय व्हिडिओतलं भौतिकशास्त्र तपासताना या चुका टाळा

“पाणी इतकं खरं? आत गेम इंजिनच चालत असणार!” ओपनएआय कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सोरा हे लिहिलेल्या वर्णनावरून व्हिडिओ बनवणारं मॉडेल दाखवलं, तेव्हापासून हा तर्क ऐकू येतो. गेम इंजिन म्हणजे व्हिडिओ गेममध्ये वस्तूंच्या हालचालींचं गणित करणारं सॉफ्टवेअर. शंका घ्यायलाच हवी, पण इथे ती भलत्याच जागी घेतली जाते. प्रशिक्षणात गेमची दृश्यं वापरलेली असू शकतात. तरी क्लिप तयार होताना आत इंजिन चालत नसतं. चित्रातल्या नुसत्या गोंगाटापासून, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांपासून, सुरुवात करून मॉडेल तो टप्प्याटप्प्यानं पुसत चित्र काढतं. गुरुत्वाकर्षणाचं गणित कुठेच सोडवत नाही. काच फुटण्यासारख्या साध्या गोष्टीही नीट जमत नाहीत, हे तर ओपनएआयच्याच अहवालात लिहिलं होतं.

याहून मोठी चूक म्हणजे लाटा, धूर, ढग बघून मॉडेलला पास करणं. लाट थोडी चुकली तर कुणाला कळतं? त्यापेक्षा पडणारी वस्तू बघा. ७५ सेंमी उंचीच्या टेबलावरून घरंगळलेला चेंडू, आडवा वेग काहीही असो, सुमारे ०.३९ सेकंदात जमिनीवर येतो. सेकंदाला २४ फ्रेम असतील तर साधारण ९ फ्रेममध्ये. एडिटरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवून मोजा.

१८ फ्रेम लागल्या? लगेच क्लिप टाकून देऊ नका. आधी चेंडू दर फ्रेमला किती खाली सरकतो ते पाहा. गॅलिलिओनं दाखवलं तसं, समान वेळात कापलेलं अंतर १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढायला हवं. तसं वाढत असेल तर क्लिप फक्त स्लो मोशनमध्ये आहे. वेग दुप्पट केला की काम झालं. पण अंतर सारखंच राहत असेल, तर चेंडू पडत नाहीये, नुसता खाली सरकतोय. तिथे वेग वाढवून उपयोग नाही, क्लिप नव्यानंच करावी लागते.

एकाच प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनेत, ‘कप पडतो, फुटतो, चहा सांडतो, मांजर पळते’ असं सगळं कोंबणंही टाळा. सोराच्याच एका नमुन्यात आजी केकवर फुंकर मारतात आणि मेणबत्त्या तशाच जळत राहतात. कारण घडलं, परिणाम नाही; मॉडेल नेमकं इथेच घसरतं. म्हणून कप पडण्याचा एक शॉट घ्या, जमिनीला टेकायच्या आधीच कट करा, आणि फुटलेल्या कपाचा शॉट वेगळा बनवा.