दहा हजारांच्या गर्दीला किती सुरक्षा रक्षक? परवान्यापासून ड्युटी चार्टपर्यंत

सारंगखेड्याचा घोडेबाजार असो, अमळनेरची यात्रा असो की जळगाव-धुळ्यातला गाण्याचा मोठा कार्यक्रम, आयोजक एजन्सीला पहिला प्रश्न विचारतात, "पन्नास माणसांचे किती घ्याल?" पन्नास हा आकडा बजेटमधून आलेला असतो. तो मैदानावरून यायला हवा. कसा, ते पुढे येतंच. आधी कागद बघू.

एजन्सीचा परवाना तपासा

खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ प्रमाणे राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना नसेल, तर कुणालाही रक्षक पुरवता येत नाहीत. तसं केलं तर एक वर्षापर्यंत कैद, २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवान्याची झेरॉक्स घेऊन फाईलला लावणं पुरेसं नाही, त्यावरच्या दोन गोष्टी वाचा.

पहिली म्हणजे मुदत. परवाना पाच वर्षांचा असतो. दुसरी म्हणजे जिल्हा. परवाना एका जिल्ह्याचा, दोन ते पाच जिल्ह्यांचा किंवा पूर्ण राज्याचा असतो, आणि घोळ नेमका इथे होतो. फक्त जळगाव जिल्ह्याचा परवाना असलेली एजन्सी नंदुरबारच्या यात्रेत माणसं उभी करू शकत नाही, मालक कितीही ओळखीचा असला तरी.

काळा टी-शर्ट घातलेल्या बाउन्सरांनाही हाच नियम. बिलावर 'इव्हेंट सपोर्ट' लिहिलं म्हणून काम बदलत नाही. महाराष्ट्रात १९८१ चा सुरक्षा रक्षक कायदा आणि त्याखालची, रक्षकांची नोंद करून ते पुरवणारी सुरक्षा रक्षक मंडळंही आहेत. तुमच्या कामाला मंडळाचे रक्षक लागतात का, हे करार करण्याआधी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्या.

मग माणूस तपासा

वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी झालेली, फोटोचं ओळखपत्र अंगावर. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे प्रशिक्षण १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते कमी आहे. म्हणजे कालपर्यंत केळीच्या गाड्या भरणारा पोरगा आज शिट्टी गळ्यात अडकवून रक्षक होत नाही.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी नावांची यादी मागा आणि हजेरी घेताना यादी व ओळखपत्र जुळवा. यादीतला राहुल आणि समोरचा राहुल वेगळे निघणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. लग्नसराईत तर हमखास. गणवेश पोलीस किंवा लष्करासारखा दिसला तर तोही गुन्हाच.

आता आकडा काढा

बसून बघायच्या कार्यक्रमाला शंभर माणसांमागे एक रक्षक हा कामचलाऊ अंदाज. खरा आकडा गेटवर ठरतो.

दहा हजार लोक येणार असतील, तर त्यातले सहा हजार शेवटच्या पाऊण तासात येतात असं धरा. हातातल्या मेटल डिटेक्टरने अंगझडती घेणारा रक्षक मिनिटाला चार-पाच जण सोडतो, म्हणजे पाऊण तासात साधारण दोनशे. सहा हजारांना तीस रांगा लागल्या. तृतीयांश बायका असतील तर त्यातल्या दहा रांगा महिला रक्षकांच्या, कनातीच्या आडोशासह. दर दोन रांगांमागे पिशव्या तपासायला एक जण. गेटवरच ४५ झाले.

पुढे स्टेजसमोर १२, बाहेर पडायच्या फाटकांवर १४, पार्किंगला १०, आतल्या वाटांवर १३, जनरेटर-साउंड-ग्रीनरूमला ६. झाले १००. सहा पॉइंटमागे, म्हणजे रक्षक उभा राहायच्या सहा जागांमागे, एक रिलीव्हर (बदलीचा माणूस) धरा, म्हणजे साधारण १६. पंधरा रक्षकांमागे एक सुपरवायझर, म्हणजे ८. न येणाऱ्यांसाठी १२ जादा. एकूण १३६. पन्नास कुठे आणि १३६ कुठे!

पैसे कमी पडत असतील तर रांगा कमी करू नका, गेट दोन तास लवकर उघडा. रांगा कापल्या की मागचे पुढच्यांना रेटतात, बॅरिकेड झुकतं, आणि घाबरलेला रक्षक न तपासता सगळ्यांना आत सोडतो.

बाहेर पडायच्या फाटकांचाही हिशोब आहे. स्टेडियमच्या आखणीत सपाट जागेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं धरतात. दहा हजार लोक आठ मिनिटांत बाहेर काढायचे तर साधारण १५ मीटर वाट हवी. अडीच मीटरची सहा फाटकं पुरतात, पण एखादं अडकेल असं धरून सात ठेवा. कार्यक्रम संपायच्या अर्धा तास आधी गेटवरच्या रक्षकांना तिथे हलवा. कुलूप लावायचं नाही, किल्ली कुणाच्या तरी खिशात जाते.

जागेवर काय बिघडतं

नदीपात्रातल्या किंवा नांगरलेल्या जमिनीवर दाराच्या चौकटीचा मेटल डिटेक्टर कलतो, हलतो आणि उगाच वाजत राहतो. खाली प्लायवूड टाकून पाय पक्के करा. पत्र्याच्या शेडला आणि लोखंडी बॅरिकेडला चिकटून ठेवू नका.

गर्दीत मोबाईल लागत नाही, म्हणून सुपरवायझरांकडे वॉकीटॉकी आणि जादा बॅटरी हवीच. वैशाखातल्या कार्यक्रमात उन्हातल्या पॉइंटवर दर अर्ध्या-पाऊण तासाने माणूस बदला. जळगावचा पारा ४५ च्या आसपास असताना उपाशी, टोपीविना उभा रक्षक स्वतःच रुग्ण होतो. २०२३ मध्ये खारघरच्या सभेत उष्माघाताने माणसं गेली, ती बसलेल्या श्रोत्यांमधली होती.

रक्षक शक्यतो त्याच भागातले घ्या. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या यात्रेत पावरी-भिली बोलणारे, धुळ्याकडे अहिराणी. "भाऊ, आठे ये" म्हटलं की माणूस वळतो, हिंदीत खेकसलं की वाद घालतो.

अधिकाराची मर्यादा ब्रीफिंगमध्ये सांगा

रक्षक म्हणजे पोलीस नव्हे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कुणीही नागरिक माणसाला पकडू शकतो, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चोर म्हणून तंबूत बसवून 'समज' देणं एजन्सीच्या आणि आयोजकाच्या अंगाशी येतं. आयोजक मंडळाचे स्वयंसेवक पाणी द्यायला, वाट दाखवायला चांगले. अंगझडती त्यांच्याकडून घेऊ नका.

पोलीस ठाण्यात अर्ज देताना मैदानाचा नकाशा, पॉइंटनिहाय ड्युटी चार्ट आणि एजन्सीचा परवाना एकत्र जोडा. नकाशावरचे पॉइंट क्रमांक आणि चार्टवरचे क्रमांक एकच असू द्या. वॉकीटॉकीवर "नऊ नंबर, माणूस पडला" ऐकलं की पोलीस आणि एजन्सी दोघांनाही जागा कळली पाहिजे.

एजन्सीशी करार करताना परतीची गाडी त्यातच लिहा. कार्यक्रम रात्री अकराला संपतो, आवराआवरीत बारा वाजतात, आणि पारोळ्या-चोपड्याच्या खेड्यांतून आलेल्या महिला रक्षकांना त्या वेळी एसटी मिळत नाही.