स्वल्पविरामाने जोडलेल्या यादीच्या स्वतंत्र ओळी कशा कराव्यात

डेटाबेसच्या टेबलात एकाच कॉलममध्ये 'लाल, निळा,,हिरवा' असा मजकूर साठवलेला असेल आणि प्रत्येक रंगाची वेगळी ओळ हवी असेल, तर क्वेरी लिहिण्याआधी स्वल्पविराम मोजावेत. इथे ते तीन आहेत, म्हणजे घटक चार. त्यांपैकी दुसऱ्याच्या आधी एक स्पेस आहे आणि तिसरा रिकामा आहे. मजकूर तोडणे सोपे असते. हे चारही घटक आपापल्या जागी हाती येणे, हे खरे काम.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये 2016 च्या आवृत्तीपासून 'स्ट्रिंग_स्प्लिट' हे मजकूर तोडणारे फंक्शन आहे. मात्र डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (तो कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागतो ते ठरवणारी सेटिंग) किमान 130 असावी लागते आणि विभाजक एकाच अक्षराचा चालतो. मूळ टेबलाला ते 'क्रॉस अप्लाय'ने, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी फंक्शन चालवणाऱ्या जोडणीने, जोडावे. ओळी मूळ क्रमानेच येतील अशी हमी हे फंक्शन देत नाही, म्हणून क्रमाला अर्थ असेल तर 2022 च्या आवृत्तीत तिसरे आर्ग्युमेंट 1 देऊन मिळणाऱ्या 'ऑर्डिनल' (घटकाचा क्रमांक) कॉलमवर सॉर्ट करावे. चाचणीत दोन-तीनदा क्रम बरोबर दिसला, एवढ्यावर विसंबू नये.

पोस्टग्रेसमध्ये 'स्ट्रिंग_टू_अॅरे'चा निकाल, म्हणजे मजकुराची झालेली यादी, तिच्या ओळी करणाऱ्या 'अननेस्ट'ला देऊन 'विथ ऑर्डिनॅलिटी' लिहिले की क्रमांक सोबतच मिळतो. मायएसक्यूएल 8 मध्ये मजकुराचा जेसन अॅरे (चौकटी कंसातली यादी) करून त्याच्या ओळी करणारे 'जेसन_टेबल' वापरावे. मजकुरातली अवतरणचिन्हे आधी एस्केप करावीत, म्हणजे त्यांच्या आधी बॅकस्लॅश द्यावा.

ओरॅकलमध्ये पुष्कळ जण क्रमांकित ओळी तयार करणाऱ्या 'कनेक्ट बाय लेव्हल'सोबत पॅटर्नशी जुळणारा तुकडा काढणारे 'रेजेक्सपी_सबस्ट्र' वापरतात आणि 'स्वल्पविराम सोडून एक किंवा अधिक अक्षरे' असा पॅटर्न देतात. हा पॅटर्न रिकामा घटक ओलांडून पुढे जातो, त्यामुळे वरच्या उदाहरणात तिसऱ्या जागी 'हिरवा' येतो आणि चौथ्या जागी नल, म्हणजे मूल्यच नाही. एरर येत नाही, म्हणून ही चूक मला सर्वांत घातक वाटते.

तोडलेल्या प्रत्येक घटकावर कडेच्या स्पेस काढणारे 'ट्रिम' चालवावे, नाहीतर सुरुवातीला स्पेस असलेला 'निळा' जॉइन करताना रंगांच्या टेबलातल्या 'निळा'शी जुळत नाही. ज्या ओळीत यादीच्या जागी नल आहे, ती 'क्रॉस अप्लाय'मध्ये पूर्णच गळते. ती राखायची असेल तर 'आउटर अप्लाय', आणि पोस्टग्रेसमध्ये 'लेफ्ट जॉइन लॅटरल' वापरावे. शेवटी, नल नसलेल्या प्रत्येक मूळ ओळीतल्या स्वल्पविरामांच्या संख्येत एक मिळवून आलेला आकडा त्या ओळीपासून तयार झालेल्या ओळींशी ताडून पाहावा आणि जिथे फरक दिसेल तो मजकूर स्वतः उघडून वाचावा.